बोकडाचं डोकं गोंदवायच्या आधी

दादरला माझ्या टॅटू स्टुडिओत मेटल संगीत ऐकणारी पोरं येतात आणि मोबाइल पुढे करतात, "ताई, हे हवंय." उलट्या चांदणीत बोकडाचं डोकं असतं. मी नाही म्हणत नाही. पण जे जन्मभर अंगावर राहणार, ते कुणाचं आहे हे आधी कळायलाच हवं.

पहिल्यांदा आकृती नीट बघा. चांदणीचं एक टोक खाली, वरच्या दोन टोकांत शिंगं, भोवती दोन वर्तुळं आणि त्यांच्यामध्ये पाच हिब्रू अक्षरं असतील, तर ते चर्च ऑफ सेटनचं चिन्ह. ही संस्था अँटन लाव्हेंनी १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत काढली. ही मंडळी सैतानाची पूजा करत नाहीत. त्यांच्या लेखी देवही नाही आणि सैतानही नाही. सैतान हे कुणापुढे मान न तुकवण्याचं, देहाची सुखं न नाकारण्याचं प्रतीक. सगळ्यात मोठा सण म्हणजे स्वतःचा वाढदिवस. घरी पहिली शंका नरबळीची येते, म्हणून आईला हेही सांगा: लहान मुलांना इजा करू नका, स्वसंरक्षण किंवा अन्न याशिवाय प्राणी मारू नका, असे लाव्हेंचे नियमच आहेत. दुबळ्यांबद्दल मात्र त्यांच्या लिखाणात जो कठोरपणा आहे, तो मला अजिबात पटत नाही. चिन्ह घेताना तोही सोबत येतो, याचा विचार करा.

आता अक्षरं. नेटवरचं चित्र कधीकधी आरशातल्यासारखं उलटलेलं असतं. चांदणी आणि बोकड दोन्हीकडून सारखेच, त्यामुळे चूक फक्त अक्षरांत सापडते. खालच्या टोकापासून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं वाचलं की 'लिव्हायथन' होतं, बायबलमधला समुद्री राक्षस. सगळ्यात छोटं, स्वल्पविरामाएवढं अक्षर वर उजवीकडे हवं. डावीकडे दिसलं तर स्टेन्सिल लावूच देऊ नका.

पंख असलेली, मांडी घालून बसलेली आकृती असेल, तर तो बॅफोमेट. एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढविद्यावाल्यानं एकोणिसाव्या शतकात काढलेला. त्याच्या कपाळावरची चांदणी सरळ असते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या सॅटॅनिक टेम्पलनं २०१५ साली डेट्रॉइटमध्ये त्याचा पुतळा उभा केला, दोन बाजूंना दोन मुलं. त्यांची सात तत्त्वं आहेत: करुणा, विज्ञानाशी सुसंगत श्रद्धा, स्वतःच्या शरीरावर फक्त स्वतःचा हक्क, अशी. मला ही जास्त जवळची वाटतात. या दोन संस्थांचं आपसात मुळीच जमत नाही, तेव्हा एकीचं चिन्ह आणि दुसरीची तत्त्वं अशी मिसळ करू नका.

उलटा क्रॉस मागायला आलात तर हेही ऐका. वांद्र्याच्या हिल रोडवर ज्यांच्या नावानं चर्च आहे, त्या संत पीटरना उलटं क्रूसावर चढवलं अशी परंपरा आहे. त्यामुळे नुसता उलटा क्रॉस काढला तर कुणी भाविकही समजेल.

जागा शक्यतो दंडाची निवडा. मनगटावर वर्तुळ छोटं घ्यावं लागतं, आणि वर्षं गेली की शाई पसरून ती पाच अक्षरं एकमेकांत मिसळतात.