मेकॅनिकल अ‍ॅप्टिट्यूडची तयारी : आधी टेकू शोधा

गेल्या वेळी तरफेच्या गणितांत माझे हक्काचे मार्क गेले, म्हणून हे लिहितोय. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट भरतीत दुसऱ्या टप्प्याच्या अभ्यासक्रमात तरफा आणि साधी यंत्रं हा मुद्दा नावानिशी दिलेला असतो. तरी आपल्या सोलापुरातली आयटीआयची पोरं ‘शाळेत झालंय की’ म्हणून तो सोडून देतात. सोडू नका.

पाढे, वर्ग, एककं येतात असं धरतो. वस्तुमान किलोत आणि बल न्यूटनमध्ये, एवढं तपासा.

आता तरफ. बल गुणिले बलभुजा बरोबर भार गुणिले भारभुजा, हे सगळ्यांना पाठ असतं. पण भुजा मोजायची कुठून? टेकूपासून. दोन्ही भुजा टेकूपासून! कात्रीत टेकू मधे असतो, तिथे कुणी चुकत नाही. अडकित्त्यात टेकू टोकाला आणि सुपारी मधे, घोळ तिथे सुरू होतो. बांधकामावरची एकचाकी गाडी घ्या. 60 किलोचा माल चाकाच्या आसापासून 40 सेंटिमीटरवर आणि मुठी आसापासून 120 वर. 60 गुणिले 40 म्हणजे 2400, भागिले 120, म्हणजे 20 किलोइतका जोर. घाईत मालापासून मुठीपर्यंतचं 80 धरलं तर 30 येतं, आणि 30 हा पर्याय बहुतेक वेळा समोर असतोच. उत्तर पर्यायात दिसलं म्हणजे बरोबर आलं, असं मुळीच समजू नका. चिमट्यात बल मधे लागतं, म्हणून जोर भारापेक्षा जास्तच लागतो. तिथेही मोजमाप टेकूपासूनच. रफ कागदावर आधी टेकूचा ठिपका काढा, मगच आकडे लिहा.

गियर समजून घ्यायला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या यंत्रमागाजवळ जाऊन उभे राहा. वरच्या क्रँक शाफ्टवरचं गियर लहान, खालच्या बॉटम शाफ्टवरचं दुप्पट दात्यांचं. वरचा शाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा, म्हणजे धोट्याच्या दोन फेकींना खालच्या शाफ्टचा एक फेरा. दाते गुणिले फेरे दोन्हीकडे सारखे. दात्यात दाता अडकलेली दोन गियर उलट दिशांना फिरतात. मधे तिसरं बसवलं तर शेवटच्याची दिशा बदलते, वेग बदलत नाही, मग त्या मधल्याला कितीही दाते असोत. सरळ पट्ट्यावर दोन्ही पुली एकाच दिशेला फिरतात, फुलीसारख्या पट्ट्यावर उलट.

कप्पी : हलत्या कप्पीला वर धरणारे दोर मोजा, भाराला तेवढ्याने भागा. स्थिर कप्पी फक्त दिशा बदलते. जोर निम्मा लागला तर दोर दुप्पट ओढावा लागतो, हा प्रश्न विचारतातच.

हायड्रॉलिक : दाब सारखा, बल क्षेत्रफळाप्रमाणे. व्यास दिला असेल तर वर्ग करा. 2 आणि 6 सेंटिमीटर व्यास म्हणजे 9 पट, 3 पट नव्हे.

सारख्या स्प्रिंगा शेजारी-शेजारी टांगल्या तर भार वाटून घेतात. एकीखाली एक टांगल्या तर प्रत्येकीवर पूर्ण भार येतो. उतरण : लांबी भागिले उंची, तेवढ्या पटीने जोर कमी लागतो. झालं.

सराव वेळ लावूनच करा. चुकलेलं प्रत्येक तरफेचं गणित परत काढा आणि भुजा टेकूपासूनच मोजली होती ना, ते बघा.

सेंटर पुण्याला आलं आणि शिफ्ट पहिली असेल तर आदल्या दिवशीच मुक्कामाला जा, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पोचेपर्यंत पेपर सुरू झालेला असतो. हॉलतिकीट, मूळ ओळखपत्र, फोटो. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, तेव्हा अंदाजपंचे टिक नको.