सीएमईचा विषय आपण ठरवायचा : तालुका शाखेसाठी कामाची पद्धत

सीएमई, म्हणजे डॉक्टरांच्या सततच्या वैद्यकीय शिक्षणाचं सत्र, बिघडायला सुरुवात होते ती दोन महिने आधी, फोनवर. ‘सर, विषय तयार आहे, स्पीकर पुण्याहून येतील, हॉल आणि जेवण आमच्याकडे,’ असं औषध कंपनीचा एरिया मॅनेजर सांगतो आणि डॉक्टर संघटनेच्या तालुका शाखेच्या सचिवाचं निम्मं काम वाचतं. विषय, वक्ता आणि स्लाइड एकदा हातातून गेले की व्यासपीठावर कितीही जाणता अध्यक्ष बसवा, उपयोग होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी प्रश्न, मग वक्ता, मग स्लाइडची तपासणी. पैशाची गोष्ट सगळ्यात शेवटी.

प्रश्न शोधायला तीन महिन्यांचं ओपीडी रजिस्टर आणि रेफर केलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या पुरतात. पाच-सहा सभासदांना विचारा, ‘गेल्या तिमाहीत कुठे अडलात?’ मराठवाड्यात उत्तरं बहुधा ठरलेली येतात: विंचूदंश, सर्पदंश, कीटकनाशकाची विषबाधा, उष्माघात, मधुमेही पायाची जखम. मग विषय प्रश्नाच्या रूपात लिहा: कोणता रुग्ण, कोणता उपाय, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम. ‘मधुमेहातील नवी क्षितिजे’ या मथळ्याखाली कुठलीही गोळी खपते. ‘मेटफॉर्मिन पूर्ण मात्रेत देऊनही साखर न आटोपणाऱ्या, महिन्याचा औषधखर्च न झेपणाऱ्या रुग्णाला पुढे काय द्यायचं?’ असं विचारलं की वक्त्याला स्वस्त औषधांबद्दल बोलावंच लागतं. ‘उपचार कधी करू नये’ हाही विषय ठेवा. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली. अंगावरून जास्त जाण्याच्या तक्रारीवरचं व्याख्यान शस्त्रक्रियेआधीचे पर्याय न सांगता संपत असेल, तर ते आपल्या भागासाठी अपुरं आहे.

वक्ता समितीनेच बोलवावा आणि पत्र शाखेच्या लेटरहेडवर जावं. पत्रात चार अटी लिहा: औषधांची फक्त जेनेरिक नावं (कंपनीचं ब्रँडनाव नाही), कंपनीने बनवून दिलेल्या स्लाइड चालणार नाहीत, पीडीएफ दहा दिवस आधी, मागच्या तीन वर्षांतले मानधन, प्रवास, सल्लागारपद, संशोधन निधी हे सगळे संबंध दुसऱ्या स्लाइडवर, आणि ते वाचून दाखवायचे. ही स्लाइड दोन सेकंदांत सरकवली जाते, म्हणून वाचून दाखवण्याची अट महत्त्वाची. मात्र संबंध जाहीर केला म्हणजे पक्षपात गेला असं होत नाही. ज्या औषधावर बोलायचं त्याच कंपनीचं मानधन घेणारा वक्ता असेल तर दुसरा शोधा किंवा त्याला वेगळा विषय द्या.

खरं काम स्लाइडच्या तपासणीत आहे. दोन जण नेमा: एक त्या विषयातला, दुसरा औषधशास्त्राचा किंवा पीएसएमचा (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र). अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले किंवा संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातले शिक्षक पीडीएफ बघून देऊ शकतात. त्यासाठी त्यांना तालुक्याला यावं लागत नाही. प्रत्येक दाव्याखाली मूळ अभ्यास असावा, आणि तपासणाऱ्याने त्यातले निदान तीन अभ्यास स्वतः उघडून पाहावेत.

सर्वांत जास्त फसगत टक्क्यांत होते. समजा १०० पैकी ४ जणांना हृदयविकाराचा झटका यायचा, औषधाने तो ३ जणांना आला. स्लाइडवर ‘२५ टक्के घट’ येतं. खरा फरक शंभरात एकाचा आहे, म्हणजे एकाचा झटका टळायला १०० जणांना औषध द्यावं लागतं. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मागा, सोबत दुष्परिणामांचाही आकडा त्याच मापात. आलेखाची उभी रेघ शून्यापासून सुरू होते का, तेही पाहा.

त्यानंतर मोजलेला परिणाम. साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी सुधारला म्हणजे रुग्ण वाचला असं नाही. हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड दिल्यावर ठोक्यांची अनियमितता कमी व्हायची, म्हणून ती सर्रास दिली जात होती. कास्ट या अभ्यासाचा १९९१ चा अहवाल काय सांगतो? औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ दगावले, प्लासिबो (औषध नसलेली दिखाऊ गोळी) घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ईसीजी चांगला आणि मृत्यू दुपटीहून जास्त. तुलना कशाशी केली हेही बघा. जुन्या औषधाची अपुरी मात्रा समोर ठेवली की नवं औषध जिंकतंच.

आपल्या भागाचंच उदाहरण घेऊन ही पद्धत पक्की करा. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडमध्ये विंचूदंशावर केलेली चाचणी २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. रुग्ण ७०, प्रत्येक गटात ३५. प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) आणि सोबत अँटीव्हेनम (विषावरचा उतारा) दिलेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवर ८. फरक मोठा आहे आणि वक्त्याने तो ठणकावून सांगावा. पण कोणाला काय दिलं हे सगळ्यांना माहीत होतं, हे त्याच स्लाइडवर हवं. ‘अँटीव्हेनमने मृत्यू टळतो’ हे या चाचणीतून म्हणता येत नाही. इतक्या थोड्या रुग्णांत मृत्यूतला फरक दिसणं अवघड. ‘अँटीव्हेनम आहे, मग प्राझोसिन कशाला?’ हेही चुकीचं, कारण प्राझोसिन दोन्ही गटांना दिलं होतं. असं वाचन जमलं की तपासणारा कुठल्याही विषयाची स्लाइड वाचू शकतो.

वक्त्याचा स्वतःचा अनुभव वगळू नका. ‘हा माझा अनुभव, चाचणी नाही’ असं त्या स्लाइडवर ठळक लिहून घ्या, एवढंच.

आता पैसे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये भर पडली आणि कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यावर बंदी आली. औषध कंपन्यांसाठीची आचारसंहिता मार्च २०२४ ची आहे. ती संहिता एकदा वाचून सचिवाने फाइलला लावावी. मदत घ्यायचीच तर विनाअट, शाखेच्या खात्यात, पावती देऊन घ्या. शक्यतो एकाच कंपनीवर अवलंबून राहू नका. स्टॉल सभागृहाबाहेर. हजेरीपटाची प्रत आणि मोबाइल नंबर कंपनीला द्यायचे नाहीत. ही मागणी हमखास येते. ३० सभासदांची सीएमई दवाखान्याच्या हॉलमध्ये, चहा-पोह्यांवर, वर्गणीत होते. डॉक्टरला पाच वर्षांत लागणारे सीएमईचे ३० क्रेडिट तास भरायला पंचतारांकित हॉटेल लागत नाही.

तासाभराच्या सत्रात व्याख्यान ४० मिनिटं, प्रश्न २०. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर पुढच्या रांगेतले ज्येष्ठच बोलतात आणि मागचे तरुण गप्प बसतात. आयत्या वेळी पेनड्राइव्हमधून ‘सुधारित’ स्लाइड आली तर तपासलेली पीडीएफच लावायची, आणि लॅपटॉप शाखेचा.

सुरुवातीला पाच केस-प्रश्नांचा कागद, शेवटी तोच पुन्हा. सर्वांचं एखादं उत्तर एकाच महागड्या औषधाकडे सरकलं असेल, तर तपासणीत काहीतरी निसटलं आहे. ती स्लाइड काढून परत वाचा आणि दुरुस्ती सभासदांच्या ग्रुपवर टाका. तीन महिन्यांनी रेफरच्या चिठ्ठ्या पुन्हा काढा. विंचूदंशाचा रुग्ण जिल्ह्याला पाठवण्याआधी प्राझोसिन दिलं होतं का, किती वाजता दिलं, हे चिठ्ठीवर दिसायला हवं.