थांब्यावरचा कोतवाल : झाडीपट्टीच्या मंचावरून छोट्या चित्रपटाकडे जाताना

वडसा-देसाईगंजच्या परिसरातील नाटक मंडळ्यांमधून मी अकरा हंगाम काम केले आणि २०२५ च्या उन्हाळ्यात एका अत्यंत कमी खर्चाच्या मराठी चित्रपटात मुख्य भूमिका केली. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या झाडीपट्टी म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील मंचावर घडलेली अनेक मुले-मुली आता कॅमेऱ्यासमोर जाऊ इच्छितात आणि तयारी कशी करावी, असे विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

चित्रपटाची गोष्ट थोडी विचित्र वाटेल अशीच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्याचा कोतवाल तीस वर्षे तलाठ्याचे कागद घेऊन सकाळच्या बसने तहसील कचेरीत जात असतो. तो निवृत्त होतो, पुढे प्रवासी नाहीत म्हणून ती बसही बंद पडते. तरीही तो रोज इस्त्रीचा सदरा घालून, पिशवी घेऊन थांब्यावर जाऊन उभा राहतो. गाव आधी त्याला वेडा ठरवते आणि मग काही ना काही निमित्त काढून एकेक जण त्याच्या शेजारी येऊन बसू लागतो. पटकथेत अशा चौदा सकाळी होत्या आणि त्यांतल्या नऊ सकाळींत कोतवालाच्या तोंडी एकही वाक्य नव्हते.

झाडीपट्टीचे नाटक दिवाळीनंतर सुरू होते आणि होळीपर्यंत चालते. मंडई म्हणजे गावची जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांच्या निमित्ताने रात्रभर रंगणाऱ्या त्या नाटकांना माणसांची इतकी दाटी असते की शेवटच्या रांगेतल्या माणसाला राग दिसावा म्हणून नटाला सारे अंग वापरावे लागते. मंचावर टांगलेल्या माईकखाली नेमके येऊन वाक्य फेकणे ही तिथली पहिली शिकवण आहे. या रंगभूमीचा मला अभिमान आहे. तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या गावाने घरचे कार्य असावे तसा आनंद केला होता. परंतु मंचावर जी भुवई जेमतेम दिसते, ती जवळून घेतलेल्या दृश्यात सबंध पडदा व्यापते, हे मला पहिल्याच दिवशी कळले.

पहिल्या सकाळचे दृश्य मी ‘वाट पाहण्याचा अभिनय’ करून दिले. मान उंच केली, कपाळावर हात धरून रस्त्याकडे पाहिले, निःश्वासही टाकला. दिग्दर्शकांनी काही न बोलता मला मॉनिटरसमोर बसवून ते दृश्य पुन्हा दाखवले. तीस वर्षे त्याच बसने गेलेला माणूस असा माना उंचावून पाहणार नाही, हे पाहताक्षणी पटले. त्या दुपारी मी गावातल्या लोकांकडे चौकशी केली की पूर्वी बस यायची तेव्हा ती आधी कशी कळायची. एका आजोबांनी सांगितले की नाल्याचा चढ चढताना ड्रायव्हर गिअर बदलायचा, तो आवाज गावात ऐकू यायचा आणि तो आला की बाया खाली ठेवलेल्या पिशव्या उचलायच्या. मला भूमिका तिथे सापडली. दुसऱ्या दिवसापासून मी रस्त्याकडे पाहणे सोडले आणि नाल्याच्या दिशेने ऐकू लागलो. ठरलेली वेळ झाली की मी खालची पिशवी उचलून खांद्याला लावायचो, थोडा थांबायचो आणि ती पुन्हा खाली ठेवायचो. चेहऱ्यावर काही आणण्याची गरजच उरली नाही. नवोदितांना माझे पहिले सांगणे हेच आहे की, भूमिकेला भावना शोधण्याआधी तिच्या हाताला काम आणि कानाला आवाज शोधून द्यावा.

चौदा सकाळी एकसारख्या होऊ नयेत, ही त्याहून मोठी अडचण होती. चित्रीकरणाआधी, मार्चमध्ये, मी जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चित्रपटगृहात पाहिला होता. तो ७ मार्च २०२५ रोजी प्रदर्शित झाला. तत्पूर्वी, २०२३ मध्ये, त्याला टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. चंद्रपूर जिल्ह्यातल्या खेड्यात स्थानिक आणि नवख्या कलावंतांना घेऊन केलेल्या या चित्रपटात मुलगी पाहण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा घडतो आणि पाहुणे तेच ते प्रश्न विचारतात. नंदिनी चिकटे यांनी साकारलेली सविता त्याच प्रश्नांना उत्तरे देत जाते आणि प्रत्येक नव्या स्थळाला आधीच्या नकाराचे ओझे तिच्या बसण्यात जाणवते. अभिनय शिकू पाहणाऱ्याने ती दृश्ये लागोपाठ पाहावीत. मी त्यावरून एक वही केली आणि प्रत्येक सकाळीपुढे एवढेच लिहिले की काल थांब्यावर काय घडले आणि आज कोतवालाच्या अंगात त्यातले काय शिल्लक आहे. छोट्या चित्रपटात दृश्ये क्रमाने घेतली जात नाहीत. आमची अकरावी सकाळ तिसरीच्या आधी चित्रित झाली. ती वही नसती तर माझा गोंधळ उडाला असता.

कॅमेरा दूर ठेवलेला असेल तर काय करायचे, हे मला ‘कोर्ट’ने शिकवले. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी २०१४ च्या त्या चित्रपटात लोकशाहिराची भूमिका केली होती. न्यायालयातल्या लांबलचक, स्थिर दृश्यांत ते बहुतेक वेळ गप्प असतात, कॅमेरा त्यांच्या जवळ धावत येत नाही, तरी आपली नजर त्यांच्यावरून हटत नाही. ते लक्ष वेधून घेण्याची धडपड करत नाहीत, यातच त्याचे कारण असावे असे मला वाटते.

बोलीबाबत मात्र फार सावध राहावे. बाहेरच्यांना सारा विदर्भ एकच बोलतो असे वाटते, पण ‘डोळा’ वऱ्हाडात ‘डोया’ होतो आणि आमच्या झाडीपट्टीत ‘डोरा’. कोतवाल वऱ्हाडातला असूनही माझ्या तोंडी दोनदा ‘डोरा’ आला, तेव्हा गर्दीत उभ्या असलेल्या गावच्या पोरांनीच मला थांबवले. त्यानंतर मी रोज संध्याकाळी पानठेल्यावर बसून नुसते ऐकत असे.

आमचे चित्रीकरण एप्रिलमध्ये झाले, कारण होळीनंतर मंचाचा हंगाम संपतो आणि मी मोकळा होतो. पटकथेत मात्र हिवाळा होता. स्वेटर आणि मफलर घालून उभे राहायचे आणि घाम दिसू द्यायचा नाही, म्हणून सकाळी सहा ते आठ एवढाच वेळ हाती असायचा. कपड्यांखाली लावलेला माईक लोकरीला घासून खरखरतो, त्यामुळे तो चिकटपट्टीने पक्का करून घ्यावा आणि नंतर हात छातीकडे नेऊ नये. पिशवी कोणत्या खांद्यावर होती, मफलरचा पदर किती लोंबत होता, याची नोंद ठेवायला वेगळा माणूस नसतो. ती नटानेच ठेवावी.

पैशाचे थोडक्यात सांगतो. याआधीच्या एका लघुपटाचे मानधन मला आजवर मिळालेले नाही, कारण सारा व्यवहार तोंडी होता. दिवसांची संख्या, प्रवास, जेवण आणि डबिंगचे दिवस हे सारे लेखी घ्यावे. ‘शासनाचे अनुदान मिळाले की देऊ’ या आश्वासनावर विसंबू नये. ते अनुदान चित्रपट पूर्ण होऊन त्याचे परीक्षण झाल्यावर दर्जानुसार मिळते आणि तोवर तुमचे घर चालायचे असते.

शेवटच्या दिवशी चौदावी सकाळ घेतली. कॅमेरा रस्त्यापलीकडे कडुनिंबाच्या आड होता, त्यामुळे शेतावर निघालेल्या एका म्हातारीला चित्रीकरण चालू असल्याचे कळलेच नाही. डोक्यावरचे टोपले सावरत ती माझ्यासमोर थांबली आणि म्हणाली, “कायले उभा राहून राह्यला गा भाऊ? बस तं बंद हाय.” उत्तर द्यावे असे क्षणभर मनात आले, पण कोतवालाकडे उत्तर नव्हते. नाल्याच्या चढाकडे कान देऊन मी पिशवी खांद्याला लावली. म्हातारीने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले, टोपले खाली उतरवले आणि तीही शेजारी बसली. ते दृश्य आम्ही पुन्हा घेतले नाही. दिग्दर्शकांनी नंतर तिला सारे समजावून सांगितले, तिची संमती घेतली आणि चित्रपटात तेच ठेवले.