मसाल्याला लोणच्याची बरणी कशाला? सुक्या मसाल्यांसाठी हलकी काच निवडण्यापासून परत वापरण्यापर्यंत

सुका मसाला काचेत भरून विकायचं ठरलं की बहुतेक गृहउद्योग आणि बचत गट बाजारात सहज मिळणारी लोणच्या-जॅमची बरणीच उचलतात. ती जड असते, आणि ते सकारण असतं. गरमागरम जॅम ओतताना काचेला उष्णतेचा धक्का बसतो, झाकण लावल्यावर आत निर्वात पोकळी तयार होते, कधी भरलेली बरणी वाफेवर निर्जंतुक करावी लागते. मसाला थंड आणि कोरडा भरतात. त्याच्या बरणीला यातलं काहीच सोसावं लागत नाही, म्हणून वजन कमी करायला बराच वाव आहे.

पण एक हिशेब आधी मांडून ठेवू. एकदा वापरून भंगारात जाणारी काचेची बरणी पर्यावरणाच्या दृष्टीने प्लास्टिकच्या पाऊचपेक्षा बरी ठरेलच असं नाही. बहुधा मागेच पडते. काचेची भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसवर चालते आणि मालापेक्षा जड डबा ट्रकमधून वाहून न्यावा लागतो. काच परवडते ती बरणी परत फिरली तर, किंवा गिऱ्हाइकाच्या फडताळात वर्षानुवर्षं राहिली तर. म्हणजे बरणी हलकी हवी, पण पुन्हा पुन्हा धुण्याइतकी दणकटही हवी.

आधी माप काढा, मग बरणी बघा

नमुन्याची बरणी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर बरणीची पूर्ण क्षमता. बरणी पूर्ण वाळवून तिच्यात तुमचा मसाला भरा, टेबलावर कापडाची घडी ठेवून त्यावर वीसेक वेळा हलकेच आपटा, खाली बसला की वर भर घाला. काठापर्यंत भरल्यावर मसाल्याच्या वजनाला क्षमतेने भागा. मिळालेला आकडा वहीत लिहून ठेवा. तो दळणाच्या बारीकपणावर आणि तेलावर अवलंबून असतो, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा तुमच्या मसाल्याला चालत नाही.

समजा तुमच्या गोड्या मसाल्याचा आकडा ०.५ आला. १०० ग्रॅमला २०० मिलिलिटर जागा लागेल. वर आठ टक्के मोकळी जागा धरली तर साधारण २१८ मिलिलिटरची बरणी पुरे. तीनशेची घेतली तर काच वाया, खोक्यातली जागा वाया, शिवाय बरणी अर्धवट रिकामी दिसते आणि गिऱ्हाईक वजनावर शंका घेतं. न आपटता माप घेतलं तरीही शेवट तोच होतो, कारण वाहतुकीत मसाला खाली बसतोच.

आता बरणीच्या वजनाला आतल्या मालाच्या वजनाने भागा. १०० ग्रॅमच्या पॅकला हा आकडा दीडच्या आत असला तर ठीक. दोनच्या वर गेला तर दुसरी बरणी शोधा. बरणी जितकी लहान तितकं हे प्रमाण बिघडतं, त्यामुळे २५-३० ग्रॅमच्या देखण्या बरण्या म्हणजे काचच विकणं. कसुरी मेथी, सुका पुदिना यांसारखी हलकी पानं तर काचेत मुळीच परवडत नाहीत. ती कागदी पुड्यात द्या आणि रिकामी बरणी एकदाच विका.

आकार

गोल बरणी सगळ्यांत हलकी होऊ शकते. चौकोनी किंवा षटकोनी बरणीच्या कोपऱ्यांवर ताण साठतो, शिवाय घडवताना काच कोपऱ्यापर्यंत पोचेतो पातळ होते, म्हणून एकूण काचच जास्त घालावी लागते. खांदा उतरता आणि तळाची कड गोलसर असलेली बरणी घ्या. तोंडाला ५३ मिलिमीटरचं झाकण बसेल इतकी रुंदी पुरते. त्यातून चमचा आरामात जातो. ६३ किंवा ७० मिलिमीटरला गेलात तर झाकणाचं वजन वाढतं, आणि दर वेळी झाकण उघडल्यावर जास्त वास उडून जातो.

विक्रेत्याला बरणीचं वजन, पूर्ण क्षमता आणि एका बरणीपासून दुसरीच्या वजनात फरक किती, हे तिन्ही विचारा. फक्त ‘२०० एमएलची बरणी’ या उत्तरावर थांबू नका.

माल आला की तपासणी

पातळ काचेत दोष खपत नाहीत. प्रत्येक खोक्यातल्या काही बरण्या उजेडासमोर फिरवून बघा. बारीक बुडबुडे चालतात. तोंडाच्या कडेवरची केसासारखी चीर, टवका, आणि एका बाजूला काच जाड तर दुसऱ्या बाजूला कागदासारखी पातळ, हे चालत नाही. सगळ्यांत घातक दोष आत असतो: एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ताणलेला काचेचा तंतू. तो मोडून मसाल्यात पडला तर कुणाला दिसणारही नाही. त्यासाठी टॉर्च तळाखालून मारून वरून आत बघा. एक जरी सापडला तरी ती अख्खी खेप परत करा.

काच घडवल्यावर नीट सावकाश थंड केली नसेल तर तिच्यात ताण राहतो आणि बरणी काही आठवड्यांनी आपोआप तडकते. हे घरी तपासता येतं. लॅपटॉपच्या पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा, आणि मध्ये बरणी धरा. चांगली बरणी जवळपास काळीच राहते, तळाशी थोडा उजेड दिसतो. अंगावर आणि खांद्यावर लख्ख पांढरे पट्टे किंवा रंग दिसले तर ताण शिल्लक आहे.

कोकणात आणि पावसाळ्यात रिकाम्या बरण्या ओल्या पुठ्ठ्यात ठेवू नका. दमट हवेत काचेतला सोडा पृष्ठभागावर येतो आणि धुरकट पांढरा थर धरतो. लवकर धुतला तर निघतो, महिनोन् महिने राहिला तर काच कायमची मंद होते.

झाकण

पाव फेऱ्यात बसणारं पत्र्याचं झाकण मसाल्यालाही लावतात, पण त्याच्या आतला मऊ थर वाफेने नरम होऊन बसण्यासाठी बनवलेला असतो. थंड भरल्यावर तो फक्त दाबाने टेकतो, म्हणून कडेवर मसाल्याचा एक कण राहिला तरी फट पडते. सुक्या मालाला पूर्ण आट्यांचं पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचं झाकण आणि आत फोमचा लायनर (झाकणाच्या आतली चकती) जास्त भरवशाचा. भुरभुरायची जाळी द्यायची असेल तर तीही पॉलिप्रोपिलीनचीच घ्या. पॉलिस्टायरिनची कडक, पारदर्शक जाळी लवंगेच्या तेलाने मऊ पडते आणि तडकते. गरम मसाल्यातली लवंगही त्याला पुरते.

प्लास्टिकच्या डब्यांच्या तोंडावर, झाकणाखाली यंत्राने तापवून चिकटवतात ते इंडक्शन फॉइल काचेला चिकटत नाही, त्यासाठी काचेचं खास फॉइल लागतं, आणि पत्र्याच्या झाकणाखाली इंडक्शन चालतच नाही कारण झाकणच तापतं. छोट्या उद्योगाने त्या वाटेला जाऊ नये. झाकणावरून बरणीवर उतरणारी कागदी पट्टी चिकटवली की कुणी उघडलं तर कळतं.

नव्या झाकणाची परीक्षा दोन प्रकारे घ्या. बरणीत हळद भरून झाकण लावा, ती पांढऱ्या कागदावर उलटी ठेवा, अधूनमधून हलवा आणि दुसऱ्या दिवशी कागद बघा. हळदीइतकं चुगलखोर काही नाही. दमटपणासाठी रिकाम्या बरणीत २० ग्रॅम वाळवलेलं सिलिका जेल (ओलावा शोषणारे दाणे) घाला, झाकण लावून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर आठवड्याला एकदा वजन करा. वजन चढत गेलं तर हवा आत जाते आहे, आणि त्या झाकणात तिखट सादळणार. चाचणीची बरणी विक्रीच्या मालात मिसळू देऊ नका.

भरणं

एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) मानकांत ओलाव्याची कमाल मर्यादा हळद पुडीला १० टक्के आणि तिखटाला ११ टक्के आहे. काच ओलावा आत येऊ देत नाही तशीच बाहेरही जाऊ देत नाही, म्हणून ओलसर माल आतच गाठी धरतो. गिरणीतून आलेला मसाला कोमट असतो. तो पसरून खोलीच्या तापमानाला आणल्याशिवाय भरला तर झाकणाच्या आतून दव धरतं, आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते.

बरण्या धुतल्या असतील तर थंड भट्टीत ठेवून मग तापवा, १०० ते ११० अंशांवर अर्धा तास वाळवा आणि आतच गार होऊ द्या. साधी काच साधारण ४० अंशांपर्यंतचा एकदम बसणारा फरक सोसते. गरम बरणी ओल्या ओट्यावर ठेवली की तळ सुटून येतो.

प्रत्येक बरणी वेगळी शून्य करून भरा. बरण्यांच्या वजनात काही ग्रॅमचा फरक असतोच. एकदाच शून्य करून भराभर भरलं तर १०० ग्रॅमच्या पॅकमध्ये कुठे ९६ तर कुठे १०४ जातात, आणि मर्यादेबाहेर कमी भरलेल्या बरणीवर वजनमापे खात्याची कारवाई होऊ शकते. भरल्यावर कड कोरड्या ब्रशने झाडा. ओलं फडकं नको.

कांदा-लसूण मसाल्यात तेल आणि खोबरं असतं, तो हवेने आणि उजेडाने खवट होतो. तिथे मोकळी जागा पाच टक्क्यांवर आणा आणि तपकिरी काच घ्या. तिखट आणि हळद यांचा रंगही उजेडात उडतो. पारदर्शकच हवी असेल तर लेबल उंच आणि जवळपास सगळीकडून फिरणारं करा. लेबल कागदी, आणि कोमट पाण्यात सुटणाऱ्या डिंकाचं घ्या. प्लास्टिकची आवळपट्टी (श्रिंक स्लीव्ह) पूर्ण बरणीवर चढवली तर पुढे ती काढायला कुणीच बसत नाही.

खोका

काचेची ताकद तिच्या पृष्ठभागात असते. दोन बरण्या एकमेकींना घासल्या की ओरखडे पडतात आणि पातळ बरणी तिथूनच फुटते. पाच थरांचा पुठ्ठा, खांद्यापर्यंत उंच आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि हलवल्यावर अजिबात आवाज नाही, इतकं झालं की बबल रॅप लागत नाही. दहा किलोच्या आतला भरलेला खोका ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडून बघा: एक कोपरा, तीन कडा, सहाही बाजू. तळ फुटला तर खाली पुठ्ठ्याचा आणखी एक थर घाला. अंग फुटलं तर पट्ट्या सैल आहेत.

परत आलेल्या बरण्या

बरणीमागे थोडी अनामत ठेवली तर बरण्या येतात, नुसत्या विनंतीने फारशा येत नाहीत. आल्यावर पहिल्यांदा बोट न लावता, उजेडात तोंडाची कड बघा. टवका उडालेली बाजूला काढा. ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात धुण्याचा सोडा घालून वीस मिनिटं भिजवा, लेबल सुटेल. बरणी थंड असेल तर आधी कोमट पाण्यातून काढा. दोनदा स्वच्छ पाण्याने खंगाळा आणि वर सांगितल्याप्रमाणे वाळवा. काचेत वास राहत नाही, लायनरमध्ये राहतो. हिंगाच्या बरणीचं झाकण ओव्याला लावलं तर ओवा हिंगाचाच होतो, म्हणून झाकण दर वेळी नवं.

फुटलेल्या बरण्या भंगारवाल्याला देताना पांढरी आणि तपकिरी काच वेगळी ठेवा, आणि त्यात बोरोसिलिकेटची (उष्णता सोसणाऱ्या काचेची) भांडी किंवा चिनीमाती जाऊ देऊ नका. ती भट्टीत सोबत वितळत नाही आणि पुढच्या बरणीत खडा होऊन बसते.