कोर्टाची तारीख मोबाईलवरच बघा

नुसती पुढची तारीख कळायला तालुक्याला हेलपाटा, वर रोज बुडतो तो वेगळाच. वकिलाकडून एकदाच केसचा १६ अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा असतो) घ्या (आपल्याकडचे एमएचने सुरू होतात), ई-कोर्ट्स सर्व्हिसेस अ‍ॅपमध्ये टाका, पुढची तारीख, झालेले आदेश सगळं दिसतं, आणि केस तिथेच सेव्ह केली की परत नंबर शोधायची भानगड नाही. नंबर नसेल तर पक्षकाराच्या नावानेपण सापडते, फक्त कोर्ट आणि वर्ष माहीत पाहिजे.

वकीलच परवडत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या सरकारी नंबरवर फोन लावा, बायकांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अटच नाही, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं.

अ‍ॅपवर तारीख चढायला कधीकधी उशीर होतो, आदल्या दिवशी वकिलाला विचाराच.