रुग्णाच्या चेहऱ्याचे छायाचित्र घेताना गोपनीयता कशी जपावी

मिरजेच्या रुग्णालयांत जत-आटपाडीपासून सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीपर्यंतचे रुग्ण येतात, आणि लहान गावात चेहऱ्यावरचा व्रण साऱ्यांच्या परिचयाचा असतो. त्यामुळे भाजलेल्या गालाचे किंवा जबड्याच्या गाठीचे छायाचित्र एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून बाहेर गेले, तर ते कोणाचे हे कळायला नाव लागत नाही.

संमती छायाचित्राआधी आणि भूल देण्याआधी घ्यावी. उपचारांची नोंद, विद्यार्थ्यांना शिकवणे आणि प्रसिद्धी या तिन्ही हेतूंसाठी ती वेगवेगळी विचारावी. नकार दिल्याने उपचारांत काहीही फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावे. कन्नड बोलणाऱ्या रुग्णापुढे मराठी कागद ठेवून अंगठा घेणे ही संमती नव्हे, असे माझे ठाम मत आहे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, पण समजत्या मुलालाही विचारावे.

डोळ्यांवर काळी पट्टी ओढली की ओळख लपते, हा समज अजून गेलेला नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनेही हा उपाय अपुरा ठरवला आहे, कारण हनुवटी, केसांची ठेवण, कानातली कुडी, गोंदण यांवरून घरचा माणूस लगेच ओळखतो. म्हणून दागिने उतरवून, साधे निळे कापड मागे धरून, विकार ओठाचा असेल तर ओठापुरतेच छायाचित्र घ्यावे. चेहऱ्याचा पक्षाघात किंवा जबड्याची शस्त्रक्रिया असेल, तर दोन्ही बाजूंच्या तुलनेसाठी पूर्ण चेहरा घ्यावाच लागतो. अशा वेळी लपवण्याची खटपट सोडून संमती आणि साठवण यांवरच सगळा भर द्यावा.

ही साठवणच बहुतेक ठिकाणी ढिली असते. शक्यतो विभागाचा कॅमेरा वापरावा. स्वतःच्या मोबाईलवरचा फोटो आपोआप क्लाउडवर चढतो आणि घरच्यांच्या हातीही लागतो. फाइलला रुग्णाचे नाव देऊ नये, सांकेतिक क्रमांक द्यावा, आणि क्रमांक-नावाची यादी वेगळी, कुलूपबंद ठेवावी. छायाचित्रासोबत दिनांक आणि कधी कधी ठिकाणही नोंदले जाते. ही माहिती बाहेर देण्यापूर्वी काढून टाकावी. पॉवरपॉइंटमध्ये क्रॉप केलेला भाग दिसेनासा होतो, पण फाइलमध्ये तसाच राहतो, आणि ती फाइल हाती आलेला कोणीही तो पुन्हा उघडू शकतो. त्यामुळे आधी छायाचित्र कापून वेगळे साठवावे आणि मगच स्लाइडवर घालावे.

ओळख पटेल असे छायाचित्र रुग्णाच्या परवानगीविना प्रसिद्ध करण्यास डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मागे घेण्याचा हक्कही मान्य केला आहे. मात्र छापून गेलेला अंक परत आणता येत नाही, ही गोष्ट सही घेण्यापूर्वीच रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून सांगावी.