जोडीदाराच्या पॅरोलची चौकशी घरी येते तेव्हा काय करावे

कैद्याला तुरुंगातून काही दिवस घरी सोडण्याची रजा मंजूर करणारा साहेब तुमचे घर कधीच बघत नाही, त्याच्यासमोर येतो तो अहवाल. पण तो अहवाल लिहिणारा माणूस तुमच्या घरी येऊन तासभर बसून जातो. महाराष्ट्रात तो बहुधा जवळच्या पोलीस ठाण्यातला असतो. केरळ, तमिळनाडूत परिविक्षा अधिकाऱ्याचा, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरचाही अहवाल मागवतात. नवऱ्याच्या रजेसाठी मी त्या एका तासाला तीन वेळा सामोरी गेले आहे. पहिल्या वेळी काहीच माहीत नव्हते, आणि अर्ज फेटाळला गेला.

आधी अर्ज कुठे करायचा ते ठरवा

खटला अजून चालू असेल, म्हणजे माणूस कच्चा कैदी असेल, तर पॅरोलचा प्रश्नच येत नाही. वकिलामार्फत कोर्टाकडे तात्पुरता जामीन मागावा लागतो. शिक्षा झालेली असेल तर महाराष्ट्रात 1959 च्या नियमांप्रमाणे दोन रजा आहेत: संचित रजा म्हणजे फर्लो आणि अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. फर्लोला खास कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेत धरले जातात. पॅरोलला कारण लागते, जसे घरच्यांचे गंभीर आजारपण किंवा पत्नीचे बाळंतपण, आणि ते दिवस शिक्षेत मोजत नाहीत. फर्लो हा कैद्याचा बिनशर्त हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून "आमचा हक्कच आहे" या सुरात बोलू नका.

अर्ज तुरुंगातूनच पुढे जातो. तुरुंगात भेटीला (मुलाखतीला) जाल तेव्हा अर्ज कोणत्या तारखेला गेला आणि त्याचा आवक-जावक क्रमांक काय, हे विचारून लिहून घ्या. घरात मृत्यू झाला असेल तर टपालाची वाट बघू नका. तुरुंगात लगेच फोन करा आणि दाखला घेऊन कोणाला तरी थेट पाठवा. अशा वेळेसाठी आकस्मिक रजेची वेगळी तरतूद आहे.

कागद

ओळखपत्रे, घराच्या पत्त्याचा पुरावा, नातेसंबंधाचा पुरावा, जामीनदाराची कागदपत्रे, हे सगळे एका पिशवीत ठेवा. आजारपणाच्या कारणावर मात्र जास्त वेळ द्या, कारण बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. नुसते "आजारी आहेत" असे प्रमाणपत्र पुरत नाही. आजाराचे नाव, शस्त्रक्रियेची तारीख, किती दिवस कोणीतरी जवळ असणे गरजेचे आहे, आणि डॉक्टरांची सही-शिक्का, एवढे त्यात हवे. माझ्या पहिल्या अर्जाला सासूबाईंचे तीन महिन्यांपूर्वीचे प्रमाणपत्र जोडले होते. चौकशीला आलेल्या हवालदारांनी ते हातात घेतले, तारीख बघितली आणि विचारले, "मग आता बऱ्या आहेत ना?" मला उत्तर सुचले नाही.

चौकशीच्या दिवशी

एक प्रश्न हमखास येतो: "घरात बघायला दुसरे कोणी नाही का?" याचे उत्तर आधीच, शांतपणे, घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा. खोटे रचण्यासाठी नाही. खरे काय ते नीट सांगता यावे म्हणून. दीर परगावी नोकरीला असेल तर कुठे असतो आणि त्याला रजा का मिळत नाही, ते सांगा. अर्जात एक, तुमच्या तोंडी दुसरे आणि शेजारणीच्या तोंडी तिसरे, असे झाले की "विसंगती" हा शब्द अहवालात गेलाच समजा.

रजेवर आल्यावर नवरा कुठे झोपेल, घर कोण चालवते, दारू पितो का, हेही विचारतात. जुना गुन्हा असेल तर लपवू नका, त्यांच्याकडे नोंद असतेच. चौकशी फिर्यादी पक्षाकडेही होऊ शकते. त्यांना समजवायला तुम्ही किंवा तुमच्या माणसांनी जाऊ नये, अगदी चांगल्या मनानेही नाही. तो दबाव ठरतो, आणि रजा तर जातेच, वर नवी तक्रारही होऊ शकते. त्याच गावात राहण्याने तणाव वाढणार असेल तर बहिणीच्या किंवा मामांच्या घरचा पत्ता आपणहून सुचवा. याचा फायदा होतो, हे मी स्वतः बघितले आहे.

शेवटी जबाब लिहून घेतात. दिवसभराच्या थकव्यात आपण न वाचता सही करतो. तसे करू नका. वाचता येत नसेल तर "साहेब, एकदा वाचून दाखवा" म्हणा. दुसऱ्या वेळी माझ्या जबाबात "मुले लहान असून अडचण आहे" असे लिहिले होते. मी म्हटले होते की मुले लहान आहेत म्हणून ते घरी हवेत. एका शब्दाने अर्थ उलटला होता. मी सांगितले, त्यांनी लगेच दुरुस्त केले.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. तुम्हालाच त्याची भीती वाटत असेल, तो घरी आल्यावर मारहाण होईल असे वाटत असेल, तर सासरच्यांच्या समोर होकार देऊ नका. अधिकाऱ्याला म्हणा, "मला एकटीने बोलायचे आहे." कैद्याच्या बायकोने रजेला होच म्हटले पाहिजे, असा कुठलाही कायदा नाही.

कोणी अहवालासाठी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

उत्तर येत नसेल, किंवा नकार आला तर

दर दोन दिवसांनी ठाण्यात जाऊन उभे राहू नका. आठवड्याने जा, क्रमांक सांगा आणि एवढेच विचारा: "अहवाल पाठवला का, कोणत्या तारखेला?" तारीख मिळाली की ती तुरुंगात कळवा. नकार आला तर लेखी आदेशाची प्रत मागा, कारण पुढचे सगळे त्यातल्या कारणावर उभे राहते. "फरार होण्याची शक्यता" एवढेच लिहिले असेल आणि आधीच्या रजेवरून माणूस वेळेवर परतलेला असेल, तर ती नोंद मोठी कामाला येते. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वकिलाचे पैसे नसतील म्हणून थांबू नका. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीतली व्यक्ती आणि कोणतीही स्त्री, दोघांनाही मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

तो घरी आल्यावर

आदेशावरची परतीची तारीख आणि वेळ त्याच दिवशी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावा. ठाण्यात हजेरी सांगितली असेल तर एकही चुकवू नका. मुदतवाढ हवी असेल तर अर्ज रजा संपण्याच्या बराच आधी द्या. आणि उत्तर आले नाही, म्हणजे मुदत वाढली असे धरू नका. उत्तर नसेल तर माणूस ठरल्या दिवशी परत गेलाच पाहिजे. उशीर झाला तर माफीचे, म्हणजे शिक्षेत मिळालेल्या सुटीचे, दिवस कापले जातात, गुन्हाही दाखल होऊ शकतो आणि पुढची रजा कठीण होते. परतीच्या दिवशी शेवटच्या गाडीवर विसंबू नका, सकाळीच निघा. गेटपर्यंत सोबत जा, आणि आत घेतल्याची वेळ विचारून तिथेच वहीत लिहून ठेवा.